पाळण्याची वाट आणि पायऱ्यांची वाट

(फुलचूर येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनांतून आजवर मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील अवास्तव खर्च, हुंड्याची चाल आणि धानशेतीच्या अडचणी अशा गंभीर विषयांवर विचारविनिमय होत आला आहे. त्या मानाने आज आमच्याकडे सोपविलेला विषय काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. डोंगरावर पाळण्यात बसून जाणे, वरून सृष्टीची शोभा पाहणे, मोकळ्या हवेत दोन घटका घालविणे, यात भाषण करण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. तथापि या विषयाचा विचार करू लागलो तेव्हा त्याच्या पोटी आपल्या घरातील एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे, असे आमच्या ध्यानी आले. घरातील वृद्ध माणसांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, आपण आपल्या आनंदात कितपत सहभागी करून घेतो, हा तो प्रश्न होय. म्हणून आजचे हे विवेचन सहलीचे असले तरी केवळ सहलीपुरते नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

आपण मैदानात राहणारी माणसे आहोत. फुलचूर काय किंवा आसपासची गावे काय, घराबाहेर पडले की दृष्टीस पडतात त्या धानाच्या बांध्या, तलावांच्या पाळी आणि गोंदियाच्या गिरण्यांची धुराडी. पोवार समाज माळव्यातून नगरधन-रामटेकच्या बाजूने वैनगंगेच्या खोऱ्यात उतरला आणि या पाणथळ भूमीत धान पिकवून स्थिरावला, असे आपल्या पूर्वजांविषयी सांगितले जाते. आपली कुलदेवता गढकालिका मात्र धारला टेकडीवर बसली आहे. देव उंचावर आणि भक्त चिखलात, ही स्थिती आपल्याला नवी नाही. डोंगर आपल्या क्षितिजावर असतो. तो पाहण्यासाठी आपल्याला मुद्दाम घर सोडावे लागते.

सुदैवाने असा डोंगर आपल्यापासून फार दूर नाही. गोंदियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा ही स्थानके मागे पडतात, तसतशी जमीन चढू लागते आणि दोन्ही बाजूंना जंगल दाट होत जाते. दरेकसा सोडल्यावर गाडी बोगद्यात शिरते, पुढे बोरतलाव आणि पनियाजोब ही स्थानके येतात आणि सुमारे ७० किलोमीटरांचा प्रवास संपतो तो डोंगरगड येथे. हे गाव आज छत्तीसगड राज्यात असले आणि पूर्वी खैरागड संस्थानात मोडत असले, तरी आपल्या भागातील लोकांना ते परके कधीच वाटले नाही. चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत गोंदियाच्या फलाटावर जी गर्दी लोटते, ती पाहिली म्हणजे हे पटेल. त्या दिवसांत रेल्वेलाही डोंगरगडास अधिक गाड्या थांबविण्याची व्यवस्था करावी लागते.

डोंगरगडचा डोंगर सुमारे १,६०० फूट उंचीचा सांगितला जातो. माथ्यावर बमलेश्वरी देवीचे मोठे मंदिर आहे आणि पायथ्याशी धाकट्या बमलेश्वरीचे. कामावती नगरीचा राजा कामसेन, त्याच्या दरबारातील नर्तकी कामकंदला, तिच्यावर अनुरक्त झालेला माधवानल आणि त्यांच्या मीलनासाठी धावून आलेला उज्जयिनीचा विक्रमादित्य, ही कथा या डोंगराशी जोडलेली आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत उतरते, हा प्रश्न विद्वानांचा. माळव्याची स्मृती जपणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र त्या कथेत उज्जयिनीचे नाव ऐकून आपलेपणा वाटतो, हे खरे.

माथ्यावर जाण्यास दोन वाटा आहेत. पहिली हजाराहून अधिक पायऱ्यांची. दुसरी रज्जुमार्गाची, ज्याला सर्व लोक रोप-वे म्हणतात. पाळण्यात बसल्यावर प्रथम पायथ्याचा तलाव खाली जातो, मग झाडांचे शेंडे पायांखाली येतात, मोठाले काळे खडक जवळून सरकतात आणि काही मिनिटांतच माणूस वर पोहोचतो. वरून सारे गाव पटासारखे मांडलेले दिसते. रेल्वेचे रूळ दिसतात आणि त्यांवरून जाणारी मालगाडी मुलांच्या खेळण्याएवढी भासते. जवळच्या टेकडीवर प्रज्ञागिरीची भव्य बुद्धमूर्ती दिसते. दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराजांनी २०२४ च्या फेब्रुवारीत जेथे देह ठेवला, ते चंद्रगिरी तीर्थही याच गावचे. एका गावी देवी, बुद्ध आणि जिन अशा तिघांच्या उपासकांनी डोंगरांचाच आश्रय घ्यावा, यावरून उंचीविषयी माणसाच्या मनात किती खोल आदर आहे, हे कळून येते.

आता हा पाळणा चालतो तरी कसा, हे थोडक्यात सांगतो, कारण ज्या वस्तूवर आपण आपल्या माणसांचे प्राण सोपवितो तिची ओळख असणे इष्ट आहे. खालच्या आणि वरच्या स्थानकांमध्ये पोलादी तारांचा दोर ताणून बसविलेला असतो. मध्ये उभारलेल्या मनोऱ्यांवर चाके असतात आणि दोर त्या चाकांवरून सरकतो. एका स्थानकातील विजेची मोटार मोठ्या चक्राच्या साहाय्याने दोर फिरविते आणि दोराला पकडून असलेले पाळणे त्याच्याबरोबर जातात. एका बाजूचे पाळणे चढत असता दुसऱ्या बाजूचे उतरत असतात. उतरणाऱ्यांचे वजन चढणाऱ्यांना साह्य करते, म्हणून मोटारीला वाटते तेवढे श्रम पडत नाहीत. विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या लावल्या म्हणजे जे घडते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. दोर सैल पडू नये म्हणून त्याला सतत ताण दिलेला असतो, एक रोधक निकामी झाला तर दुसरा असतो आणि वीज गेली तर पाळणे स्थानकात आणण्यासाठी डिझेलवर चालणारे यंत्र ठेवण्याची रीत आहे.

या सर्वांचे मूळ आहे तो तारांचा दोर. जर्मनीतील हार्ट्झ पर्वतातल्या खाणींत पूर्वी तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरीत. साखळीची एक कडी तुटली की सारे ओझे खाली जाई आणि माणसे मरत. १८३४ साली विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने लोखंडी तारा एकत्र वळून दोर तयार केला. त्यातील एखादी तार तुटली तरी बाकीच्या तारा भार सांभाळतात आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसून सावध होण्यास अवधी मिळतो. समाजसंघटनेवर बोलणाऱ्या वक्त्यांनी साखळीचा दृष्टान्त पुष्कळ दिला आहे. आम्हांस दोराचा दृष्टान्त अधिक योग्य वाटतो, आणि तो का, ते पुढे स्पष्ट होईल.

आपल्या महाराष्ट्रात रज्जुमार्गाचे नाव निघाले की प्रथम रायगड आठवतो. तेथे १९९६ साली रज्जुमार्ग सुरू झाला. सुमारे ७५० मीटर लांबीच्या त्या मार्गाने चारपाच मिनिटांत गडावर जाता येते. पायी जावयाचे तर चौदाशेंहून अधिक पायऱ्या आहेत. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीजवळ आहे, हे विशेष. जी माता घरी राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली, असे लोक सांगतात, तिच्याच नावाच्या वाडीतून आज नातवंडे आपल्या आज्यांना घेऊन शिवछत्रपतींच्या समाधीचे दर्शन घेण्यास वर जातात. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर २०१८ पासून जी गाडी चालते, ती अधांतरी जात नाही, रुळांवरून चढते. पण हेतू तोच. गुजरातेत गिरनारवर दहा हजारांच्या जवळपास पायऱ्या आहेत, तेथे २०२० च्या ऑक्टोबरात सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग खुला झाला. काश्मीरमधील गुलमर्गचा गोंडोला तर जगभर प्रसिद्ध आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला, आणि तो प्रवाशांना अफरवत शिखराच्या अंगावर सुमारे ४,००० मीटर उंचीच्या प्रदेशात नेऊन सोडतो. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिले नाही असे लोक तेथे बर्फात हात घालून पाहतात, तरुण लोक पायांना पट्ट्या बांधून उतारावरून घसरण्याचा खेळ खेळतात. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात पर्वतमाला या नावाने रज्जुमार्गांची योजना जाहीर केली. त्यामुळे आज डोंगरगडापुरता वाटणारा हा प्रश्न उद्या अनेक डोंगरांच्या बाबतीत आपल्यापुढे येणार आहे.

यावर आपल्याच मंडळींकडून एक आक्षेप नेहमी घेतला जातो. देवाला जावयाचे ते कष्टाने जावे, पाय दुखल्याशिवाय पुण्य कसले, असे पुष्कळ वडीलधारी माणसे म्हणतात. या म्हणण्याची आम्ही मुळीच टवाळी करीत नाही. तीर्थयात्रा ही देहाची तपश्चर्या आहे, ही कल्पना आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे आणि तिच्यात सत्य आहे. पायऱ्यांवर घाम गाळणाऱ्याला माथ्यावरचा वारा जितका गोड लागतो तितका पाळण्यातून उतरणाऱ्याला लागत नाही, हे कोणीही मान्य करील.

परंतु हा आक्षेप कोणी, कोणाविषयी घ्यावा, याचा थोडा विचार करू या. आपल्या घरातील साठी-सत्तरीच्या माता आठवा. मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात कमरेत वाकून रोवणी करावयाची, डोक्यावर मोरा, पाठीवर पावसाची धार, आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चूल पेटवावयाची. हे एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हेत, चाळीस-चाळीस वर्षे चालले. त्या चिखलाने आपली कोठारे भरली, आपली शिक्षणे केली, काहींची गोंदियात आणि फुलचुरात पक्की घरे उभी केली. त्याची किंमत मात्र त्या मातांच्या गुडघ्यांनी दिली. आता त्या गुडघ्यांना हजार पायऱ्या चढा म्हणणे आणि चढता येत नसतील तर पुण्य नाही असे सुनावणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? ज्यांनी आपली तपश्चर्या बांधीत पुरी केली, त्यांच्याकडून डोंगरावर दुसऱ्यांदा वसुली करण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात काय घडते, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कुटुंब डोंगरगडास जाते. पायथ्याशी पोहोचल्यावर म्हातारीला सांगण्यात येते, तू येथेच धाकट्या देवीच्या देवळात बैस, सामान सांभाळ, चपला सांभाळ, आम्ही वर जाऊन येतो. तीही समजूतदारपणे म्हणते, जा बाबांनो, माझे दर्शन येथूनच झाले. मंडळी वर जातात, फोटो काढतात, दोन-तीन तासांनी प्रसाद घेऊन उतरतात. तोवर ती पिशव्यांच्या राखणीला बसलेली असते. तिने तक्रार केली नाही, म्हणून तिला जाण्याची इच्छा नव्हती, असा अर्थ आपण काढतो. या अर्थाविषयी आम्हांस फार दिवस शंका वाटत आली आहे. पुढल्या वर्षी जाऊ, असे म्हणता म्हणता ज्यांचे जाणे कायमचे राहून गेले, अशा माता आपल्या प्रत्येक आळीत होऊन गेल्या.

रज्जुमार्गाचे खरे महत्त्व येथे आहे. धडधाकट माणसाचे कष्ट वाचविण्यासाठी त्याची फारशी जरुरी नाही. ज्यांना डोंगर बंद झाला होता त्यांना तो पुन्हा उघडून देणे, हे त्याचे मोठे कार्य आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे याच्या नेमके उलट आहे. ज्याचे पाय शाबूत आहेत त्याने पायऱ्यांनीच जावे. पाळण्यातून प्रदेशाचा विस्तार दिसतो, पायी चालताना त्याचा तपशील कळतो. कोणते झाड ऐनाचे, कोणते तेंदूचे, मोहाची फुले कोणत्या महिन्यात गळतात, खडकाच्या कपारीत कोणत्या पाखराने घर केले आहे, हे चालणाऱ्यालाच उमजते. मारुती चितमपल्ली यांनी आपल्याच नवेगावच्या अरण्यात राहून मराठी वाचकांना जंगलाकडे पाहावयास शिकविले. ते पाहणे पायी हिंडल्याचेच फळ होते. शिवाय शरीराचाही विचार आहे. शेती यंत्रांकडे गेली, शिकलेली मुले खुर्चीवर बसली, आणि तिशीतच रक्तदाब आणि मधुमेह यांची नावे घरोघरी ऐकू येऊ लागली. अशा वेळी वर्षातून दोनतीनदा डोंगर चढणे ही चैन नसून औषध आहे.

आणि त्यासाठी दरवेळी रज्जुमार्गाची किंवा दूरच्या प्रवासाची गरज नाही. सालेकसा तालुक्यातच दरेकशाजवळ हाजरा धबधबा आहे. त्याच बाजूस कचारगडची विशाल गुहा आहे, जेथे माघ पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरच्या प्रांतांतून गोंड बांधव आपल्या पूर्वजांच्या आणि देवतांच्या दर्शनाला येतात. ते जंगलातून चढून जातात, म्हातारी माणसेही एकमेकांच्या आधाराने चढतात. प्रत्येक डोंगराला दोर बांधलाच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. काही डोंगर जसे आहेत तसेच राहू द्यावेत, आणि दुसऱ्या समाजाच्या पवित्र स्थळी जाताना तेथील रीतीला मान द्यावा.

आता सुरक्षिततेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. रज्जुमार्गाची स्तुती करून त्याचे धोके झाकणे हा आपल्या माणसांशी केलेला द्रोह ठरेल. १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीच्या दिवशी, झारखंडात देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरील रज्जुमार्गावर अपघात झाला. कित्येक प्रवासी पाळण्यांत अधांतरी अडकले. वायुदल, लष्कर, आपत्ती निवारण दल आणि स्थानिक गावकरी यांनी चाळीस तासांहून अधिक काळ झटून त्यांची सुटका केली, तरीही तिघांना प्राणास मुकावे लागले. खुद्द डोंगरगडच्या रज्जुमार्गावरही २०२५ च्या एप्रिलमध्ये पाळणा घसरून प्रवासी जखमी झाले. या घटनांमुळे रज्जुमार्ग त्याज्य ठरत नाही. बैलगाडी उलटते म्हणून आपण बैलगाडी सोडली नाही आणि मोटारी धडकतात म्हणून मोटारीही सोडल्या नाहीत. मात्र दोराची नियमित तपासणी, चालविणाऱ्यांचे शिक्षण आणि आणीबाणीची तयारी यांविषयी विचारणा करण्याचा प्रवाशांना हक्क आहे आणि तो आपण बजावला पाहिजे. तपासणीसाठी मार्ग बंद असेल तर त्राग्याने कुरकुर करण्याऐवजी समाधान मानावे. वारा सुटला, ढग दाटून आले आणि पाळणा थांबविला, तर थांबविणाऱ्याशी हुज्जत घालू नये.

आपल्याकडूनही शिस्त हवी. नेमून दिल्यापेक्षा अधिक माणसे पाळण्यात कोंबणे, लहान मुलाला उभे करणे, दार उघडण्याचा प्रयत्न करणे, फोटोच्या नादात एका बाजूस सर्वांनी झुकणे, ही गावठी बेफिकिरी प्राणावर बेतू शकते. अधेमधे पाळणा थांबला तर घाबरून हालचाल न करता स्वस्थ बसून राहावे. वृद्ध माणसांना ही गोष्ट निघण्यापूर्वीच समजावून सांगावी, म्हणजे ऐन वेळी त्यांची छाती दडपणार नाही. ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा उंचीचे भय वाटते, त्यांनी वैद्यांचा सल्ला घेतल्याशिवाय निघू नये. आणि ज्यांना पाळण्याची भीतीच वाटते, त्यांच्यावर आग्रह करू नये. पायथ्याशी बसविण्याची सक्ती जशी वाईट, तशी वर नेण्याचीही सक्ती वाईट. त्यांना आधी विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आणखी एका वर्गाचा विसर पडता कामा नये. रज्जुमार्ग आला की पायऱ्यांच्या कडेला नारळ, फुले, पाणी आणि खेळणी विकून पोट भरणाऱ्यांचे गिऱ्हाईक कमी होते. गिरनारला डोली वाहणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. पिढ्यानपिढ्या ज्यांनी आपल्या खांद्यांवरून वृद्ध आणि अपंग यात्रेकरूंना देवापर्यंत पोहोचविले, त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी. पायी चढणाऱ्या आपल्या तरुणांनी खाण्याचे पुडे घरून नेऊन कचरा डोंगरावर टाकण्यापेक्षा त्या वाटेवरच्या गरिबाकडून चार पैशांची वस्तू घ्यावी, आणि आपला कचरा आपल्याबरोबर खाली आणावा. आपण ज्या डोंगराचे पाहुणे आहोत त्याचे अंगण घाण करून परतणे शोभत नाही.

शेवटी कामाच्या गोष्टीकडे येतो. समाजाच्या वार्षिक सहलीत यापुढे वृद्धांना आवर्जून न्यावे आणि त्यांच्या प्रवासाचा व पाळण्याचा खर्च समाजाच्या निधीतून करावा, अशी एक सूचना आली आहे. त्यावर काहींनी असे म्हटले की निधी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी आहे, तो सहलींवर उधळू नये. दोन्ही पक्षांची कळकळ आम्हांस मान्य आहे. शिष्यवृत्तीच्या निधीतील एक पैसाही इकडे वळवू नये, असेच आमचे मत आहे. ज्यांची मुले मिळवती आहेत त्यांनी आपल्या आईवडिलांचा खर्च स्वतः करावा. यासाठी समाजाच्या निधीकडे पाहणे मिळवत्या मुलांना कमीपणा आणणारे आहे. ज्या वृद्ध भगिनींना मागे पुढे कोणी नाही, त्यांच्यासाठी मात्र सहलीस येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने थोडी थोडी वर्गणी स्वतंत्र काढावी. ती कोणाच्या नावाने जाहीर करू नये. घेणाऱ्याला ओशाळे वाटेल असे देणे हे देणे नव्हे.

सहलीचा काळही नीट निवडावा. नवरात्रातील गर्दीत वृद्धांना नेणे म्हणजे त्यांना रांगांत शिणविणे होय. कार्तिक-मार्गशीर्षात धानाची कापणी-मळणी आटोपते, हवा थंड असते, आकाश स्वच्छ असते आणि वरून दूरवरचा प्रदेश दिसतो. तो काळ आपल्यासारख्या शेतकरी कुटुंबांना सर्वांत सोयीचा. निघण्याआधी रज्जुमार्ग चालू आहे की तपासणीसाठी बंद आहे, याची चौकशी कोणी तरी जबाबदारीने करावी.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाळणा वरच्या स्थानकापर्यंत नेतो, पण तेथून देवीच्या गाभाऱ्यापर्यंत काही पायऱ्या उरतातच. त्या पायऱ्यांवर कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. तेथे मुलाचा, सुनेचा किंवा नातवाचा हातच लागतो. म्हणून प्रत्येक वृद्ध माणसामागे एक तरुण सोबती नेमावा. तो पायऱ्यांनी वर येऊन पोहोचला तरी चालेल, पण पाळण्यातून उतरणाऱ्या आपल्या माणसापुढे तो उभा असावा, आणि ज्यांना पाळण्यात एकटे बसण्याचा धीर होत नाही त्यांच्याबरोबर त्याने पाळण्यातच बसावे. ज्या वृद्धेला स्वतःचे कोणी नाही, तिच्यासाठी दुसऱ्या घरचा मुलगा पुढे झाला पाहिजे. मघाशी दोराचा दृष्टान्त अधिक योग्य म्हटले, ते याच कारणाने. एक तार तुटली तर तिचा भार शेजारच्या तारांनी उचलावयाचा असतो. समाज म्हणून एकत्र येण्याचा याहून वेगळा अर्थ आम्हांस ठाऊक नाही. सभा, हारतुरे आणि स्मरणिका यांना शोभा येते ती अशा भार उचलण्यामुळे.

तेव्हा यंदा धानाची रास घरात आल्यावर आपण डोंगरगडास जाऊ तेव्हा तरुणांनी पायऱ्यांची वाट धरावी, वृद्धांनी पाळण्याची, आणि दोघांची भेट माथ्यावर व्हावी. सामानाच्या राखणीला कोणाला बसवावयाचे असेल तर धडधाकट माणसांनी आळीपाळीने बसावे. ज्या मातांनी जन्मभर वाकून जमिनीकडे पाहिले, त्यांनी एकदा ताठ उभे राहून आपल्या पायांखालचा एवढा मोठा मुलूख पाहावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. ती पुरी करणे आपल्या हातचे आहे आणि तिला फार पैसा लागत नाही.



जय राजा भोज. जय गढकालिका.